शुक्रवारची दिवेलागण : यहुदी पंचांग आणि त्याचे गणित

आमच्यासारख्या कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून यहुदी लोकांच्या पंचांगाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांस मात्र त्यात नवल वाटत नाही. कामगार चळवळीचा इतिहास म्हणजे वेळेवर मालकी कोणाची, या एकाच भांडणाचा इतिहास आहे. कामाचे तास किती, सुटीचा वार कोणता, पाळी केव्हा सुटायची आणि घड्याळ कोणाचे खरे धरायचे, या चार प्रश्नांभोवती आमचे सारे संप, वाटाघाटी आणि कायदे फिरत आले आहेत. मग ज्या समाजाने आठवड्यातला विसाव्याचा एक दिवस दोन हजारांहून अधिक वर्षे, राज्य असताना आणि नसताना, स्वदेशी आणि परदेशी, हट्टाने जपला, त्या समाजाच्या कालगणनेकडे आम्ही पाहू नये तर कोणी पाहावे?

प्रथम आज काय घडते ते सांगतो. मुंबईत, लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणारी एखादी यहुदी नोकरदार बाई शुक्रवारी दुपारी आपला फोन उघडते. गावाचे नाव त्याला एकदा सांगून ठेवलेले असते. पडद्यावर उमटते, की आज शब्बाथचे दिवे अमुक वाजून अमुक मिनिटांनी लावावेत, उद्या रात्री शब्बाथ अमुक वेळी सुटेल, सिनेगॉगमध्ये या आठवड्यात तोराचा अमुक भाग वाचला जाईल आणि पुढचा सण अमुक तारखेला आहे. वडील वारले ती इंग्रजी तारीख दिली, तर पुढच्या अनेक वर्षांच्या श्राद्धतिथी, ज्याला ते 'यारझाइट' म्हणतात, त्या ओळीने मिळतात. 'हेबकॅल' हे अशा साधनांपैकी एक नावाजलेले साधन. अशी आणखीही आहेत. पूर्वी याच माहितीसाठी सिनेगॉगमधल्या हजानला विचारावे लागे, किंवा भिंतीवरचे छापील पंचांग पाहावे लागे.

पडद्यावर उमटलेले ते एक मिनिट दिसायला लहान आहे. ते तिथपर्यंत कसे आले, याची हकीकत मात्र मोठी आहे. ती सांगणे हाच आजचा विषय.

यहुदी पंचांगाची रचना मराठी माणसाला समजावयाला अवघड नाही. महिने चांद्र, म्हणजे २९ किंवा ३० दिवसांचे. अशा बारा महिन्यांचे वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी कमी भरते, म्हणून मधून मधून अधिक महिना घालावा लागतो. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक धरतात, त्यामुळे तो कधी ज्येष्ठ असतो, कधी श्रावण. यहुद्यांचा अधिक महिना नेहमी एकाच जागी येतो. वसंताच्या तोंडावरचा अदार महिना दोनदा धरायचा, एवढीच त्याची रीत. कारण मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटका झाली तिचा सण, पेसाह, ज्याला मराठी बायबलात वल्हांडण म्हटले आहे, तो वसंत ऋतूतच आला पाहिजे असे त्यांचे शास्त्र सांगते. १९ वर्षांत ७ अधिक महिने हा हिशेब ठरलेला. साधे वर्ष ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे आणि अधिक महिन्याचे ३८३, ३८४ किंवा ३८५ दिवसांचे. आपला जुना पंचांगी दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला. म्हणून त्यांचा शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो. आमच्या भाषेत 'दिवेलागण' हा जो सुंदर शब्द आहे, तो त्यांच्या शब्बाथच्या आरंभाला जसाच्या तसा लागू पडतो. घरातली बाई दिवे लावते आणि तेथून काम बंद होते.

आता या पंचांगात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. एक आठवडा आणि दुसरा महिना. आठवड्याला चंद्र लागत नाही, सूर्याची रास लागत नाही, विद्वान लागत नाही. ज्याला सातपर्यंत मोजता येते त्याला शनिवार सापडतो. महिन्याचे तसे नाही. चंद्रदर्शन केव्हा झाले, महिना २९ चा की ३० चा, वर्ष अधिक की साधे, हे कोणीतरी ठरवावे लागते. जेथे कोणीतरी ठरवावे लागते तेथे अधिकार आला आणि अधिकार आला की भांडण आले.

या दोहोंमधल्या फरकाचा पुरावा आपल्याच कोकणात आहे. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या भागांतल्या खेड्यांतून बेने इस्रायल लोक शतकानुशतके राहिले. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली होती, पंचांगाचे गणित सांगणारा कोणी नव्हता. तरी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. शंकराच्या सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. धर्माची पोथी हरवली तरी सुटीचा वार हरवला नाही, कारण तो मोजायला पोथी लागत नव्हती.

सणांचे मात्र वेगळे झाले. ते टिकले, पण कोकणच्या महिन्यांना, पिकांना आणि ताटातल्या पदार्थांना धरून टिकले. नववर्षाचा रोश हशाना हा 'नव्याचा सण' झाला. योम किप्पूर, म्हणजे उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, हा दारे लावून घरात बसण्याचा म्हणून 'दारफाळणीचा सण' झाला. एक सण 'खिरीचा' झाला. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला गेला. पुरीम हा फाल्गुनातल्या पुनवेच्या आसपास येतो, म्हणून त्याला 'होळीचा सण' म्हणत. पुढे कोचीनकडून आलेल्या शिक्षकांनी त्यांना पंचांग आणि प्रार्थना पुन्हा शिकविल्या, १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी सिनेगॉग बांधले आणि सणांना त्यांची हिब्रू नावे परत मिळाली. हायेम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही जुनी मराठी नावे नोंदवून ठेवली, हे त्यांचे आपणां सर्वांवर उपकार आहेत.

महिना ठरविण्याचा अधिकार प्रारंभी कोणाकडे होता? सुमारे इ. स. २०० मध्ये सिद्ध झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. नवी चंद्रकोर ज्याला दिसली त्याने न्यायसभेपुढे येऊन साक्ष द्यायची. जेरुसलेमला साक्षीदारांसाठी एक मोठे आवार राखलेले होते आणि त्यांनी पुन्हा यावे म्हणून तेथे त्यांना मेजवान्या मिळत. साक्षीसाठी शब्बाथच्या दिवशी प्रवास करण्याचीही मोकळीक होती. रब्बान गमलिएल यांच्या माडीवर चंद्राच्या आकारांची चित्रे टांगलेली असत. शब्दांनी सांगता न येणाऱ्या अडाणी साक्षीदाराला ती दाखवून विचारीत, की तू पाहिलीस ती कोर अशी होती की अशी? आम्हांस ही गोष्ट फार आवडते. साऱ्या राष्ट्राचा महिना एका साध्या माणसाच्या डोळ्यांवर ठरत होता आणि विद्वानांना त्याच्यासाठी चित्रे काढून ठेवावी लागत होती. अर्थात सर्वांची साक्ष चालत नसे. जुगारी, व्याजखाऊ आणि गुलाम यांना ती मुभा नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

साक्ष मान्य झाली की ऑलिव्हच्या टेकडीवर जाळ पेटवीत. तो पाहून सर्तबाच्या डोंगरावर, तेथून पुढच्या डोंगरावर, असे करीत वार्ता बाबिलोनच्या वसाहतींपर्यंत पोहोचे. पुढे शेजारच्या विरोधी पंथाने खोटे जाळ पेटवून घोटाळा केला, तेव्हा जाळ बंद करून जासूद धाडण्याची पद्धत पडली. पण जासूद पायी किंवा जनावरावरून जाणार. दूरच्या वसाहतीत तो सणाच्या आधी पोहोचेलच याचा भरवसा नसे. महिना २९ चा की ३० चा हे न कळल्यामुळे दूरचे लोक संशय नको म्हणून सण दोन दिवस पाळू लागले. आज गणित ठरलेले आहे, संशय उरलेला नाही, तरी पॅलेस्टाइनबाहेरच्या परंपरानिष्ठ यहुद्यांनी दुसरा दिवस सोडलेला नाही. फोनवरचे साधन म्हणूनच आरंभी विचारते, की तुम्ही इस्रायल देशात आहात की बाहेर? ते उत्तर दिल्याशिवाय सणांची यादी बरोबर येत नाही. अठराशे वर्षांपूर्वी वाटेत अडकलेल्या जासूदाच्या पायांचा ठसा आजच्या पडद्यावर असा उमटलेला आहे.

अधिकाराचे भांडणही त्याच ग्रंथात आहे. गमलिएल यांनी दोन साक्षीदारांची साक्ष मान्य केली, ती रब्बी येहोशुआ यांना चुकीची वाटली. त्यांच्या हिशेबाने योम किप्पूर दुसऱ्या दिवशी येत होता. गमलिएल यांनी त्यांस आज्ञा केली, की तुमच्या हिशेबाने जो योम किप्पूर आहे त्या दिवशी तुम्ही काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे या. म्हणजे स्वतःला पवित्र वाटणारा दिवस त्यांनी स्वतःच्या पायांनी मोडायचा. येहोशुआ गेले. गमलिएल यांनी उठून त्यांचे चुंबन घेतले आणि त्यांना विद्येत आपला गुरू व आज्ञापालनात आपला शिष्य म्हटले. शिस्तीवाचून संघटना टिकत नाही हे आम्ही जाणतो, म्हणून या गोष्टीतला गमलिएल आम्हांस कळतो. पण ज्याचा हिशेब कदाचित बरोबर असेल त्याला काठी घेऊन चालत यावे लागले, हा सलही विसरण्यासारखा नाही.

हळूहळू साक्षीची जागा गणिताने घेतली. हे गणित प्रथम न्यायसभेच्या आतल्या गोटात राहिले. त्याला नावच 'अधिक महिन्याचे गुह्य' असे होते. इ. स. ३५८-५९ च्या सुमारास दुसऱ्या हिल्लेलने ते सर्वांना खुले केले, अशी परंपरा आहे. तिचा उल्लेख बाराव्या शतकातल्या अब्राहाम बार हिय्या यांच्या ग्रंथात येतो. अलीकडचे अभ्यासक मात्र सांगतात, की हे पंचांग एका दिवसात ठरले नाही, ते शतकांच्या ओघात बसत गेले. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या कोठीत, जिला गेनिझा म्हणतात, एक पत्र सापडले. ते बाबिलोनच्या यहुदी प्रमुखाचे, ८३५-३६ सालचे. त्यातले पेसाहचे गणित आजच्या नियमाशी जुळत नाही. म्हणजे तोवर नियम पुरता बसलेला नव्हता.

खरा तंटा ९२१ साली झाला. पॅलेस्टाइनचे आरोन बेन मेइर यांनी जाहीर केले, की ९२२ चा पेसाह रविवारी येईल. बाबिलोनच्या विद्वानांचे गणित मंगळवार दाखवीत होते. भांडण होते ते ६४२ भागांचे. यहुदी गणितात तासाचे १०८० भाग करतात. दहा सेकंदांत असे तीन भाग बसतात. म्हणजे सारा वाद साडेपस्तीस मिनिटांच्या आसपासचा. नवचंद्राचा क्षण अमुक मर्यादेच्या अलीकडे पडला तर वर्षारंभ एका दिवशी, पलीकडे गेला तर पुढे ढकलायचा. ती मर्यादारेषा कोठे आखायची एवढाच प्रश्न. त्या अर्ध्या तासापायी एकाच धर्माचे लोक वेगवेगळ्या दिवशी सण करून बसले. बाबिलोनच्या बाजूने तरुण पंडित सादिया यांनी लेखणी चालविली आणि अखेर तीच बाजू टिकली. पुढे ९२८ साली ते सूराच्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. श्रोत्यांनी यहुद्यांना हसू नये. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अधिक महिन्यात फरक पडला म्हणजे आमच्याकडेही काही घरांची दिवाळी शेजाऱ्यांच्या दिवाळीहून महिनाभर निराळी होतेच.

एवढ्या भांडणाचे एक चांगले फळ निघाले. गणित उघड्यावर आले आणि परक्यांनीही ते तपासले. बगदादचे गणिती अल्-ख्वारिझ्मी यांनी ८२४ च्या सुमारास यहुदी पंचांगावर एक छोटा ग्रंथ लिहिला होता. पायरीपायरीने करावयाच्या गणनविधीला आज सारे जग 'अल्गोरिदम' म्हणते, तो शब्द याच गृहस्थांच्या नावावरून आला. सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनी यांनी प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील आपल्या ग्रंथात यहुदी पंचांगाचे सविस्तर विवरण केले. बाराव्या शतकात मैमोनिदीस यांनी आपल्या धर्मसंहितेत या गणितासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आणि तेथे स्पष्ट म्हटले, की ठरलेल्या पंचांगाचा हा हिशेब शाळेतल्या मुलांनाही तीन-चार दिवसांत येईल. एकेकाळी जे गुह्य होते ते आता शाळकरी पोराच्या आवाक्यात आले. १८०२ साली जर्मन गणिती गाउस यांनी पेसाहची इंग्रजी तारीख काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले.

विसाव्या शतकाच्या शेवटी संगणक आला. एडवर्ड राइनगोल्ड आणि नाखुम डेर्शोविट्स या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९९० साली निरनिराळ्या पंचांगांच्या गणितांवर निबंध लिहिला आणि १९९७ साली त्याचे पुस्तक केले. त्यात हिंदू, इस्लामी, चिनी आणि यहुदी ही सारी पंचांगे एकाच पद्धतीने मांडलेली आहेत. त्यांच्याच कामावरून स्फूर्ती घेऊन डॅनी सॅडिनॉफ यांनी १९९० च्या दशकात 'हेबकॅल' हा आज्ञासंच तयार केला आणि मायकेल रॅड्विन यांनी तो इंटरनेटवर सर्वांना उपलब्ध केला. त्याची जी अंतर्गत मांडणी, तिला संगणकवाले 'सोर्स कोड' म्हणतात, ती कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि नियम पाळून वापरता येते. आमच्या दृष्टीने या साधनाचे सर्वांत मोठे मोल येथे आहे. संघटनेचे जमाखर्च जसे कोणाही सभासदाला पाहता आले पाहिजेत, तसे हे गणित उघडे आहे.

सणांच्या तारखा काढणे हे तुलनेने सोपे. शब्बाथची वेळ काढणे अधिक किचकट, कारण तेथे सूर्य आला आणि सूर्य प्रत्येक गावचा वेगळा. दिवे सूर्यास्तापूर्वी १८ मिनिटे लावण्याची रूढी बहुतेक ठिकाणी आहे. जेरुसलेमला ४० मिनिटे. शब्बाथ संपतो तो आकाशात तीन तारे दिसू लागल्यावर. यंत्राला तारे दिसत नाहीत. म्हणून त्याला सांगावे लागते, की सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेला म्हणजे तीन तारे दिसले असे समज. काही समाज अधिक सावधगिरीने सूर्यास्तानंतर ७२ मिनिटे धरतात. दिवसाचे तासही त्यांच्या शास्त्रात सूर्याचे आहेत. उजेडाचे बारा समान भाग करायचे, मग उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. आमच्या कोकणपट्टीत सूर्यास्त वर्षभरात सव्वा तासाहून थोडा अधिक मागेपुढे होतो, त्यामुळे शनवार तेल्याला घड्याळाची गरज नव्हती. पण लंडनला डिसेंबरात दिवे दुपारी साडेतीनच्या सुमारास लावावे लागतात आणि जूनमध्ये रात्री नऊच्या पुढे. तेथल्या कामगाराला मिनिटाचा हिशेब हवाच.

सूर्याचा तास आणि साहेबाचा तास यांची टक्कर मुंबईनेही पाहिली आहे. १९०६ च्या आरंभी हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. गिरणीची घड्याळे पुढे सरकविली म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी दारात उभे राहायचे. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी दंगा केला, गिरण्यांवर दगड पडले. जुनी 'मुंबई वेळ' शहरात १९५५ पर्यंत रेंगाळली. ते लोक अडाणी होते म्हणून घड्याळावर चिडले, असे जे म्हणतात त्यांना कामगार कळत नाही. घड्याळ कोणी फिरविले आणि कोणाला विचारून फिरविले, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच प्रश्न या नव्या साधनांनाही विचारला पाहिजे. तीन ताऱ्यांसाठी साडेआठ अंश की ७२ मिनिटे, हे यंत्र ठरवीत नाही. यंत्र बनविणारा आधी एक उत्तर भरून ठेवतो आणि वापरणारा बहुधा तेच स्वीकारतो. पूर्वी न्यायसभेत बसून जो निर्णय होई तो आता पडद्याआड, न बोलता होतो. मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असेल तर यहुदी तिथी पुढची धरावी लागते, हे साधनाला कोणी सांगितले नाही तर श्राद्ध एक दिवस चुकते. मृत्यू साध्या वर्षाच्या अदारात झाला आणि पुढे अधिक वर्ष आले, तर दोन अदारांपैकी कोणता धरावा याविषयी परंपरा वेगवेगळ्या आहेत. यंत्र एकच तारीख छापते. म्हणून चांगल्या साधनात हे पर्याय उघड दिलेले असतात आणि शंका आली तर आपल्या सिनेगॉगमध्ये विचारणे हेच अजून योग्य.

यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. या पंचांगाचा सरासरी महिना २९ दिवस १२ तास ७९३ भागांचा आहे. हे मान बाबिलोनच्या प्राचीन ज्योतिष्यांच्या मानाशी तंतोतंत जुळते आणि आजच्या मोजमापाहून सेकंदाभराचाही फरक त्यात नाही. पण वर्षाचे मान किंचित मोठे असल्यामुळे साऱ्या सणांची सरासरी दोन-सव्वादोनशे वर्षांत एक दिवस या गतीने ऋतूंच्या पुढे सरकत आहे. हे सर्वांना ठाऊक आहे. तरी नियम बदलता येत नाही, कारण तो बदलण्याचा अधिकार असलेली सर्वमान्य न्यायसभा आज अस्तित्वात नाही. जगातले सारे संगणक एकत्र केले तरी ते जुना नियम बिनचूक पाळतील. नवा नियम करायला माणसे एका ठिकाणी जमावी लागतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. दिवे किती वाजता लावायचे हे फोन सांगतो, पण त्या वेळी कामावरून सुटका कोण करतो? शब्बाथची आज्ञा तोरामध्ये आली आहे ती केवळ यजमानासाठी नाही. त्याचा दास, दासी, बैल, गाढव आणि गावात आलेला परका, या सर्वांना विसावा मिळाला पाहिजे असे तेथे सांगितले आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याचे कारण दिले आहे, की तुम्हीही मिसरात गुलाम होता हे विसरू नका. शनवार तेल्याचा घाणा थांबला म्हणजे त्याचा बैलही उभा राहिला, हे त्या आज्ञेला धरूनच झाले. पण घाणा त्याचा स्वतःचा होता. जो दुसऱ्याच्या गिरणीत कामाला गेला त्याचे काय? अमेरिकेत गेलेल्या यहुदी कामगारांना शनिवार आणि नोकरी यांपैकी एक निवडावे लागे. १९०८ साली न्यू इंग्लंडमधल्या एका कापड गिरणीने यहुदी कामगारांसाठी पाच दिवसांचा आठवडा केला आणि १९२९ साली कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या 'अमाल्गमेटेड' युनियनने तो मागून मिळविला. शनिवार आणि रविवार अशी जोडसुटी आज जगभर साहजिक वाटते, तिच्या मुळाशी या कामगारांचा शनिवारही आहे. इस्रायल राज्यानेही १९५१ सालच्या कायद्याने आठवड्यातून सलग किमान ३६ तासांची विश्रांती बंधनकारक केली.

आमच्याकडे हे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारच्या सुटीची मागणी होती. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या आणि त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याआधी पंचांगात रविवार नव्हता काय? होता. छापील होता, सर्वांना दिसत होता. पण दिसणारा वार हक्काचा व्हायला सहा वर्षे लागली.

आजच्या शहरात फोनचे दोन प्रकारचे हिशेब शेजारी शेजारी चालतात. एक हिशेब शुक्रवारी सांगतो, की आता काम थांबव. त्यातली गंमत अशी, की शब्बाथ लागला म्हणजे परंपरानिष्ठ यहुदी त्या फोनलाही हात लावीत नाही. दिवे उजळायचे, वेळा आधीच कागदावर उतरून घ्यायच्या आणि साधन कपाटात ठेवायचे. दुसरा हिशेब घरोघर माल पोचविणाऱ्या तरुणाच्या हातात असतो. कोणते काम कोणाला, किती पैशाला, किती मिनिटांत, हे तो ठरवितो आणि काम नाकारणाऱ्याला पुढे कमी काम देतो, असा या मुलांचा अनुभव आहे. ती आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही विचारतो, की हा नियम कोठे लिहिला आहे? त्यांना ठाऊक नसते. अल्-ख्वारिझ्मीच्या नावाची विद्या दोन्ही ठिकाणी तीच आहे. एका ठिकाणी ती मैमोनिदीसच्या म्हणण्याप्रमाणे शाळेतल्या मुलालाही शिकता येते. दुसऱ्या ठिकाणी ती पुन्हा 'गुह्य' होऊन बसली आहे.

यहुदी पंचांगाच्या इतिहासातून आम्ही घेतो तो बोध एवढाच. वेळेचा हिशेब जोवर मूठभरांच्या कोठडीत असतो, तोवर येहोशुआसारख्या जाणत्यालाही काठी घेऊन चालत जावे लागते. तो उघड्यावर आला म्हणजे वाद होतात, पण माणसे तपासू शकतात, दुरुस्त मागू शकतात. आणि हिशेब उघडा झाल्यावरही विसावा आपोआप हाती येत नाही. तो जमून मागावा लागतो. आपल्या गावातली जी मुले संध्याकाळी दुचाकीवरून आपल्या दारात उभी राहतात, त्यांना श्रोत्यांनी एकदा विचारावे, की तुमचा सुटीचा वार कोणता? पुष्कळांना सांगता येणार नाही. तो वार त्यांना सांगता यावा, एवढ्यासाठी आमची संघटना पुढच्या महिन्यापासून त्यांच्या बैठका घेणार आहे. आपण त्यांना जागा द्यावी, अशी विनंती करून हे व्याख्यान पुरे करतो.